कॅसेटमधला आवाज संगणकात उतरवताना

माळ्यावरच्या खोक्यात साधारण तीन प्रकारच्या कॅसेट निघतात. बाजारातून विकत आणलेल्या, रेडिओवरून भरून घेतलेल्या, आणि घरात किंवा देवळात माइक ठेवून स्वतः केलेल्या. आजोबांचा हरिपाठ, बारशातले पाळणे, सप्ताहातले कीर्तन, परदेशी गेलेल्या मुलाला घरच्यांनी पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट, हे सगळे तिसऱ्या ढिगात सापडते. काम तिथूनच सुरू करायचे. विकतच्या कॅसेटमधली बरीचशी गाणी कंपन्यांनी मूळ ध्वनिमुद्रणावरून केव्हाच डिजिटल केली आहेत आणि ती तुमच्या घासलेल्या कॅसेटपेक्षा स्वच्छ ऐकू येतात. आधी शोधून बघा. मिळाली तर तो ढीग बाजूला ठेवा. तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कॅसेटची मात्र जगात एकच प्रत असते.

वेळेचा हिशेब सरळ आहे. ६० ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटे, ९० ची म्हणजे ४५, आणि उतरवायला तेवढाच वेळ लागतो. ६० च्या २५ कॅसेट असतील तर २५ तास वाजवण्याचे आणि जवळपास तेवढेच बाकीच्या खटपटीचे. रोज रात्री एक कॅसेट हा वेग बरा. एका रविवारी सगळे उरकायला गेले की चुका होतात.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका: आवाज सुधारायचा तो टेपरेकॉर्डरमध्ये. सॉफ्टवेअर खरखर कमी करते, पण हेडने, म्हणजे फितीला टेकून आवाज उचलणाऱ्या भागाने, जे फितीवरून उचललेच नाही ते कुठलेही सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून खाली संगणकापेक्षा स्क्रू ड्रायव्हर आणि कापसाबद्दल जास्त लिहिले आहे.

आधी कॅसेट बघा

कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून दिसणाऱ्या फितीच्या गुंडाळीवर पांढरट भुकटी किंवा ठिपके आहेत का ते पाहा. कोकण, गोवा, मुंबई अशा दमट हवेत बंद राहिलेल्या कॅसेटवर बुरशी येते. अशी कॅसेट टेपमध्ये घालू नका. बुरशी हेडवर, रोलरवर बसते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि सगळे काम संपल्यावर तिच्याकडे वळा.

मग खालच्या उघड्या कडेला मधोमध पाहा. तांब्याच्या पातळ पट्टीवर चिकटवलेला फेल्टचा एक बारीक तुकडा (पॅड) दिसायला हवा. फितीला हेडवर दाबून धरणे हे त्याचे काम. जुन्या कॅसेटचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज दबका येतो, मध्येच जातो, आणि लोक टेपला दोष देतात. पॅड गेलेली कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उपाय सोपा आहे. तशीच एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट उघडा, तिच्यातली दोन्ही चाके फितीसकट काढा, आणि आपली फीत त्या खोक्यात बसवा. झाकण उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोबाइलवर एकेक फोटो काढून ठेवा. फीत कुठल्या रोलरच्या बाहेरून जाते आणि दोन्ही बाजूंचे पातळ प्लॅस्टिकचे कागद कसे बसतात, हे पाच मिनिटांनी आठवत नाही. स्क्रू नसलेल्या, चिकटवून बंद केलेल्या कॅसेटचे कवच सांध्यावर पातळ पाते घालून फोडावे लागते. ते कवच पुन्हा वापरता येत नाही, पण फीत वाचते.

फीत तुटली असेल तर घरातली सेलोटेप लावू नका. तिचा गोंद काही महिन्यांत कडेने बाहेर येतो आणि वरच्या थरालाही चिकटतो. कॅसेटच्या फितीसाठी खास जोडपट्टी मिळते, सुमारे पावणेचार मिलिमीटर रुंद. दोन्ही टोके एकावर एक ठेवून एकदमच तिरकी कापा, समोरासमोर भिडवा आणि पट्टी मागच्या बाजूने लावा. मागची बाजू म्हणजे हेडला न लागणारी, कॅसेटच्या आतल्या अंगाची.

शेवटी वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या पाकळ्या मोडून टाका. त्या मोडल्या की रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नाही. आजीच्या आवाजावर चुकून काही भरले गेले असे व्हायला एक बोट पुरते. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षे न हललेले थर मोकळे होतात आणि गुंडाळीचा ताण सारखा होतो.

टेप कोणता घ्यायचा

घरात चांगल्या स्थितीतला कॅसेट डेक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ओळखीत विचारा, किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडून चालू करून दिलेला जुना डेक अथवा बरा वॉकमन घ्या. पुण्यातला जुना बाजार किंवा मुंबईतला चोर बाजार अशा ठिकाणी डेक दिसतात, पण 'लाइट लागते' म्हणजे 'वाजतो' असे नव्हे. स्वतःची एक टाकाऊ कॅसेट बरोबर न्या आणि तिथेच दहा मिनिटे वाजवून बघा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअर टाळा. त्यांची मोटर आणि फिरणारे चाक इतके हलके असते की लांबलेल्या सुरात आवाज डुलतो. हार्मोनियमचा एक सूर ऐकला तरी हे कळते.

जुन्या डेकमध्ये सगळ्यात आधी जातात ते रबरी बेल्ट. ते सैल होतात किंवा डांबरासारखे विरघळून पुलीला चिकटतात. बेल्ट सैल झाला की वेग कमी होतो, आणि गुंडाळून घेणारे चाक फीत ओढेनासे होते. मागून येणारी फीत पुढे न जाता रोलरभोवती गुंडाळली जाते. टेपने कॅसेट 'खाल्ली' म्हणतो ते हेच. नवीन बेल्ट पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा. जुना बेल्ट सोबत न्या, तोही वितळला असेल तर पुलींभोवती दोरा फिरवून त्याची लांबी न्या. नवा बेल्ट मोजमापापेक्षा किंचित आखूड हवा. डेक दुरुस्त झाला की पहिल्या दोन कॅसेट टाकाऊच वाजवायच्या.

सफाई, आणि तो एक स्क्रू

लागणारे सामान थोडेच आहे: ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, प्लॅस्टिक विरघळते. बाजारात मिळणाऱ्या 'हेड क्लीनर' कॅसेटपेक्षा हाताने केलेली सफाई बरी.

टेपचे झाकण उघडून प्ले दाबा म्हणजे हेड पुढे येते. चकचकीत हेड, त्याच्या शेजारची बारीक धातूची फिरती दांडी आणि तिला टेकणारा काळा रबरी रोलर, हे तिन्ही पुसायचे. हेड आणि दांडी अल्कोहोलने. काडीवर तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत. रोलर साबणाच्या किंचित पाण्याने, मग कोरड्या काडीने. दहा मिनिटे वाळू द्या. जुन्या फिती भुकटी सोडतात, त्यामुळे ही सफाई दर तीन-चार कॅसेटनंतर पुन्हा करावी लागते. मध्येच तिखट (उंच) सूर दबला तर आधी हेड पाहा.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो ती. हेड फितीला अगदी काटकोनात असावे लागते. तुमची कॅसेट ज्या टेपवर भरली होती त्याचे हेड जरा तिरके असेल, आणि घरगुती टेपांचे ते असायचेच, तर तुमच्या सरळ हेडवर ती दबकी वाजते. 'स', 'श', टाळ, घुंगरू हे सगळे कांबळ्याआडून आल्यासारखे वाटते. उपाय म्हणजे हेडही तेवढेच तिरके करायचे. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. ज्याच्या खाली स्प्रिंग आहे तो फिरवायचा. बऱ्याच टेपना प्ले चालू असताना त्या स्क्रूच्या वर येणारे एक बारीक भोक ठेवलेले असते. स्क्रूवर रंगाचा थेंब असेल तर तो फुटतो, फुटू द्या; पण आधी मार्करने मूळ जागेची खूण करा. ड्रायव्हर चुंबकीय नको. हेडफोन लावा, डॉल्बी (डेकमधली खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा, जमल्यास आवाज मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून, ऐका, कारण मोनोत चूक जास्त ठळक कळते. स्क्रू सावकाश पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. एका जागी 'स' एकदम स्वच्छ होतो, तिथे थांबा. पाव फेऱ्याच्या पुढे ड्रायव्हर जायची गरज क्वचितच पडते.

हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करायचे. एकाच टेपवर भरलेल्या कॅसेट एकत्र काढल्या तर एकदाच फिरवून भागते. आपोआप बाजू बदलणाऱ्या डेकमध्ये दोन्ही दिशांचा कोन वेगळा येतो, म्हणून बाजू हातानेच बदला.

मागे कुजबुज ऐकू येते आणि नीट ऐकल्यावर कोणी उलटे बोलत आहे असे वाटते? भूतबाधा नाही. हेड वर-खाली सरकले आहे आणि दुसऱ्या बाजूचा आवाज उलट्या दिशेने उचलते आहे. हे दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

डॉल्बीचे बटण घरगुती कॅसेटसाठी बंदच ठेवा. ज्या डेकवर डॉल्बी लावून भरले असेल त्याच कॅसेटला ते लागते, नाहीतर तिखट सूर उगाच कापले जातात.

जोडणी

डेकच्या मागे 'लाइन आउट' असेल तर तिथूनच घ्या. लाल-पांढऱ्या दोन पिनांपासून साडेतीन मिलिमीटरच्या स्टीरिओ पिनेपर्यंतची वायर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. वॉकमन किंवा टू-इन-वन असेल तर हेडफोनच्या भोकातून. आवाज एक तृतीयांशावर ठेवून सुरुवात करा, आणि बास वाढवणारी बटणे बंद करा.

खरी अडचण लॅपटॉपच्या बाजूला येते. हल्लीच्या लॅपटॉपला एकच भोक असते आणि त्यात आत येणारा आवाज फक्त माइकचा, तोही मोनो. माइकची पातळी लाइनपेक्षा फार कमी धरलेली असल्याने टेपचा आवाज तिथे फाटतो. म्हणून यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड घ्या, पण ज्यावर 'लाइन इन' लिहिले आहे तेच. अंगठ्याएवढ्या स्वस्त डोंगलना बहुधा माइकचेच भोक असते, म्हणजे पैसे देऊन तीच अडचण विकत घेणे. बेहरिंगरच्या यूसीए २०२ किंवा यूसीए २२२ ला थेट लाल-पांढऱ्या पिना लागतात आणि या कामाला ते पुरेसे आहे. टेपच्या स्पीकरसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करणे म्हणजे पंखा, कुकरची शिट्टी आणि खोलीचा घुमारा यांचेही ध्वनिमुद्रण करणे.

एकसारखा 'हंऽऽ' ऐकू आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तो तिथेच संपतो. मध्येच 'टर्र-टर्र' आले तर वायरीजवळ कुणाचा तरी मोबाइल आहे.

ऑडॅसिटीमध्ये

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ते त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. रेकॉर्डिंगच्या यादीत यूएसबी कार्ड निवडा, चॅनल दोन, प्रोजेक्टचा दर ४४,१०० हर्ट्झ. यादीत 'लूपबॅक' किंवा 'स्टीरिओ मिक्स' असे काही दिसले तर ते नको; त्यातून संगणकात वाजणारा आवाज येतो, टेपचा नाही. सपाट रेघ दिसत असेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲपना माइकची परवानगी आहे का ते तपासा. आणि त्याच विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या कार्डाचे 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद करा. ही सोय व्हिडिओ कॉलसाठी आहे: जो आवाज एकसारखा येतो तो गोंगाट समजून ती कापते. तिला तंबोराही गोंगाटच वाटतो.

कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधा, म्हणजे गजराचा शेवट, टाळ्या, कोणीतरी माइकजवळ खोकलेले, आणि मीटर तिथे उणे ६ डेसिबलच्या आसपास जाईल अशी पातळी लावा. शून्याला लागून आवाज फाटला तर तो नंतर दुरुस्त होत नाही. कमी राहिला तर वाढवता येतो.

संगणकाची झोप बंद करा, आधी रेकॉर्ड दाबा, मग टेपवर प्ले. कॅसेट लिहिल्यापेक्षा जरा जास्तच चालते, म्हणून टायमर लावत असाल तर ६० च्या बाजूला ३३ मिनिटे, ९० च्या बाजूला ४८ धरा. पहिली पाच मिनिटे हेडफोनवर ऐका. नुसत्या हलणाऱ्या आलेखावर विश्वास ठेवून उठलात तर एकच चॅनल भरला जातोय हे अर्ध्या तासाने कळते.

बाजू संपली की काहीही न कापता, न सुधारता ती फ्लॅक स्वरूपात साठवा. ही मूळ प्रत. हिला पुन्हा हात लावायचा नाही. वेव्ह फाइल स्टीरिओत तासाला सुमारे ६३५ एमबी होते, फ्लॅक साधारण त्याच्या निम्म्यात बसते, आणि आवाजातला एक कणही जात नाही. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर.

घरगुती टेप बहुधा मोनो असत. दोन चॅनलपैकी एक जास्त खरखरीत असेल तर दोन्ही एकत्र करू नका. ट्रॅकच्या मेनूतून ते वेगळे करा, चांगला ठेवा, दुसरा काढून टाका.

वेग चुकला असेल तर

भरताना सेल उतरत आले असतील तर टेप हळू फिरला असणार, आणि आता योग्य वेगाने वाजवल्यावर बोलणारा हळूहळू चिमण्या आवाजात, घाईने बोलू लागतो. एकसारखी चूक ऑडॅसिटीच्या वेग बदलणाऱ्या इफेक्टने निघते. हळूहळू वाढत जाणारी 'स्लायडिंग स्ट्रेच'ने.

किती बदलायचे हे ठरवायला दोन युक्त्या आहेत. घरातली किंवा देवळातली तीच पेटी अजून असेल तर उत्तम: ज्या भजनाचा षड्ज काळी चारचा असल्याचे माहीत आहे आणि कॅसेटमध्ये तो पांढरी सहावर लागतो, ती कॅसेट अर्धा स्वर, म्हणजे सुमारे ६ टक्के जास्त वेगाने वाजते आहे. दुसरी युक्ती विजेची. मेन्सवर लावलेल्या टेपने भरताना ५० हर्ट्झची गुणगुण फितीवर उतरते, आणि तिचे १०० व १५० वरचे पडसादही. शांत जागा निवडून 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा, आकार ६५५३६ ठेवा. टोक १५० ऐवजी १५६ वर दिसले तर कॅसेट ४ टक्के जलद आहे. वेगाचा गुणक १५० भागिले १५६, म्हणजे ०.९६२ द्या. अगदी बिनचूक १५० वर टोक असेल तर ती गुणगुण कदाचित आताच्या वायरीतलीच असेल, कॅसेट थांबवून खात्री करा. शिवाय जुन्या काळी आपल्याकडच्या विजेची वारंवारता बरीच वर-खाली व्हायची, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणून घ्या आणि शेवटचा निर्णय त्या माणसाचा आवाज ओळखणाऱ्या कानावर सोडा.

खरखर काढण्याचा मोह

इथे बहुतेक जण चांगले काम बिघडवतात. 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून फितीचीच खरखर द्यायची, बोलणे सुरू होण्याआधीचे दोन-तीन सेकंद. अगदी सुरुवातीची पारदर्शक पट्टी नको. तिच्यावर खरखर नसतेच. कपात ६ ते ८ डेसिबल. १२ च्या पुढे गेलात की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटू लागतो. 'रेसिड्यू' निवडून काय कापले जाते आहे ते ऐका. त्यात शब्द ओळखू येत असतील तर कपात जास्त झाली.

नुसते बोलणे असेल तर ७० हर्ट्झखालचे कापणारा 'हाय-पास' फिल्टर लावा, गुणगुण बरीच जाते. पखवाज किंवा तबला असेल तर लावू नका, डग्ग्याचा घुमारा तिथेच असतो. शेवटी 'नॉर्मलाइज', उणे १ डेसिबल.

फाइली आणि प्रती

लांब बाजूचे तुकडे करायचे तर वाजत असताना जिथे नवे भजन सुरू होते तिथे कंट्रोल आणि एम दाबून नाव द्या, आणि निर्यात करताना अनेक फाइलींचा पर्याय निवडा. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग प्रसंग, माणूस, बाजू. वर्ष माहीत नसेल तर 'अंदाजे' लिहा. घरात एकदा खोटे साल रुजले की ते निघत नाही. मराठी नावे संगणकावर नीट दिसतात, पण गाडीतल्या कित्येक प्लेअरना चौकोन दिसतात, म्हणून वाटायच्या एमपी३ फाइलींना रोमन लिपीत नाव द्या. बोलण्याला मोनो ६४ केबीपीएस पुरते, गाण्याला स्टीरिओ १९२ ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल नावासकट जशीच्या तशी पोहोचते.

कॅसेटच्या कागदाचे, त्यावरच्या हस्ताक्षराचे फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. आणि हे काम चालू असतानाच घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवून मागचे आवाज कोणाचे ते लिहून घ्या.

फ्लॅकच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. त्यातली एक डिस्क दुसऱ्या घरी, मुलीकडे किंवा भावाकडे. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नाही. कॅसेट टाकून देऊ नका. शेवटपर्यंत गुंडाळून डबीत उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसह, स्पीकरपासून लांब. बुरशी आलेल्या कॅसेट आता काढा: मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या मऊ कापडाने फीत पुसत, आणि वाजवायला वेगळा, गेला तरी चालेल असा टेप वापरून.